थॉर्कबी गावातला थॉर्कबी

१

दगड फुटला होता, आणि तो कोणी फोडला हे सार्जंट हिल्डा गार्बट येऊन पोचायच्या आधीच थॉर्कबी गावानं ठरवून टाकलं होतं. ती गाडीतून उतरली तेव्हा चर्चसमोरच्या हिरवळीवर चहाची टेबलं मांडलेली होती, बायका केक कापायचं सोडून उभ्या होत्या, आणि त्यांच्यामधून कॉन्स्टेबल पिकर्सगिल एका माणसाला बेड्या घालून मिरवत नेत होता. माणूस काळा होता. राखाडी सूट, कडक इस्त्रीचा सदरा आणि चिखल नीट न निघालेले चांगले बूट. तो मान ताठ ठेवून चालत होता. गाव मात्र त्याच्याकडे असं बघत होतं, जणू गुन्हेगार ओळखायला कातडीपलीकडे काही लागतच नाही.

हिल्डाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बेड्या काढ," ती म्हणाली.

"सार्जंट, अख्खं गाव म्हणतंय की यानंच..."

"गावानं नेमलंय का तुला पोलिसात? काढ म्हटलं ना."

पिकर्सगिलनं तोंड वाकडं करून बेड्या काढल्या. त्याच्या भुवईला काहीतरी पांढरं लागलं होतं, ते त्यानं मनगटानं पुसलं. बाईचा हुकूम ऐकणं त्याच्या जिवावर यायचं आणि हिल्डाला त्याची सवय होती. एकोणीसशे एकसष्ट साल उजाडलं तरी यॉर्कशरच्या या कोपऱ्यात बाई सार्जंटला कामं मिळायची ती हरवलेल्या पोरांची आणि दारू पिऊन पडलेल्या म्हाताऱ्यांची. आज शनिवार. इन्स्पेक्टरसाहेब गळ टाकून नदीकाठी बसलेले, म्हणून ही केस तिच्या वाट्याला आली होती.

केस अशी होती. थॉर्कबी हे गावाचं नाव आणि थॉर्कबी हे आडनावही. थॉर्केल नावाच्या कोणा डेन माणसाची ही मूळची वाडी, असं शाळेतली पोरंही सांगत. गाव एवढंसं, पण आडनाव कुठे कुठे जाऊन पोचलेलं: लीड्सला, हल बंदरात, कॅनडात, जमैकात. या आडनावाच्या लोकांनी एक मंडळ काढलं होतं आणि दर मे महिन्यात ते गावात जमत. मंडळाचे तहहयात अध्यक्ष मेजर डेस्मंड थॉर्कबी, टेकडीवरच्या हवेलीचे मालक. बाकीचे थॉर्कबी जगभर पांगले, पण आमचं घराणं डेन लोकांच्या काळापासून इथून हललेलं नाही, असं ते भेटेल त्याला ऐकवत. गेल्या हिवाळ्यात त्यांना त्याचा पुरावाही सापडला होता. त्यांच्या माणसांनी हवेलीजवळ गटार खणलं तेव्हा म्हणे थडग्यावरची एक जुनी शिळा निघाली. तिच्यावर तलवार घेतलेला सरदार, त्याच्या पायाशी कुत्रा, आणि कडेनं कोरलेली अक्षरं: 'थॉर्कबीचा धनी रॉजर थॉर्कबी इथे विसावला आहे.' मेजरनी ती शिळा चर्चला अर्पण केली होती. उद्या रविवारी मोठ्या थाटात ती चर्चच्या भिंतीत बसायची होती.

आता ती चर्चमागच्या खोलीत, जिथे पाद्र्यांचे झगे टांगलेले असतात तिथे, तुकडे होऊन पडली होती. शेजारी थडगी खणणाऱ्याचा घण होता. पाद्री ऑब्री स्लाईट हात चोळत उभे होते. त्यांचा स्वभाव मवाळ, इतका की कोणाचं वाईट बोलायचं नाही म्हणून खरंही बोलायचे नाहीत.

तेवढ्यात मेजर आत आले. उंच, पिंगट मिशीचे, शीव फिरायची चांदीच्या मुठीची काठी अजून हातात. त्यांनी हॅट उचलली, तेव्हा त्यांच्या कपाळावर काजळीचा काळा ठिपका दिसला. रुमालानं तो पुसत ते बोलू लागले. हिल्डाला त्या ठिपक्याचं नवल वाटलं नाही. ती शेजारच्याच गावात वाढलेली. आज शीव फिरायचा दिवस होता. सगळं गाव विलोच्या काठ्या घेऊन शिवेवरून चालतं आणि शिवेच्या दगडादगडाला काठी मारतं. ही शीव लो फार्म नावाच्या शेतघराच्या स्वयंपाकघरातून जाते, म्हणून माणसंही त्या घरात पुढच्या दारानं शिरतात आणि खिडकीतून बाहेर उड्या टाकतात. खिडकीशी घरची बाई प्रत्येकाच्या कपाळाला चुलीची काजळी लावते. लहानपणी हिल्डानंही ती लावून घेतली होती.

"त्यानं काल जेवताना सगळ्यांसमोर धमकी दिली," मेजर म्हणाले. "आज शीव अर्धवट सोडून तो एकटाच परत आला. आम्ही येऊन बघतो तर हे असं. आणखी काय हवंय तुम्हाला, बाई?"

"सार्जंट," हिल्डा म्हणाली आणि खाली बसून तुकडे बघू लागली.

सरदाराचे पाय होते. तलवार होती, कुत्रा होता, नाक तुटलेला चेहरा होता. तिनं एकेक तुकडा उलटून पाहिला आणि मग सावकाश उठली. अक्षरं कोरलेला एकही तुकडा त्या खोलीत नव्हता.

२

हे तिला खटकलं. ज्याला दगडावर राग काढायचाय, तो दगड फोडतो आणि तसाच टाकून जातो. लोकांनी बघावं हीच तर त्याची इच्छा असते. तुकडे वेचून, निवडून, त्यातली अक्षरंच तेवढी उचलून नेणाऱ्याला राग आलेला नसतो. त्याला काहीतरी लपवायचं असतं.

पण हे ऐकायला कोण होतं? पिकर्सगिल तर म्हणाला, आठवण म्हणून नेली असतील. हिल्डानं त्याला हिरवळीवर पहाऱ्याला पाठवलं आणि पाद्र्यांना समोर बसवलं.

पाद्र्यांनी सांगितलं ते असं. काल मंडळाचं जेवण झालं. जेवणानंतर पाद्रीच उठून म्हणाले की एक आनंदाची बातमी आहे, यॉर्कच्या संग्रहालयातला एक जाणकार सोमवारी शिळा बघायला येतोय, आपणच पत्र टाकून बोलावलंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग हा लीड्सचा पाहुणा उठला. एग्बर्ट त्याचं नाव, मूळचा जमैकाचा. तो म्हणाला, जमैकात थॉर्कबी नावाचा उसाचा मळा होता, तिथे माझे लोक राबून मेले आणि दगडाविना पुरले गेले. आधी त्यांच्या नावाचा दगड बसवा, मग या सरदाराचा. त्यावर सगळे गप्प झाले आणि पुडिंग आलं.

"ही धमकी झाली?" हिल्डानं विचारलं.

"धमकी... तशी नाही म्हणा," पाद्री म्हणाले. "पण मेजरसाहेबांना ती तशी वाटली, आणि मग सगळ्यांनाच वाटली."

"आज मेजर सगळा वेळ तुमच्याबरोबर होते?"

"ते तर सगळ्यात पुढे असतात. काठी त्यांच्याच हातात असते ना. मी गुडघ्यामुळे मागे होतो."

कॅनडाहून आलेल्या लोर्ना थॉर्कबीबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. नवऱ्याचं आडनाव लावून आलेल्या विधवा, त्यामुळे वंशावळीचं खूळ त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांच्या कपाळावर पावडर नीट पुसली न गेल्यासारखा पांढरा डाग होता. एग्बर्टचे बूट ओढ्यापाशी चिखलात रुतले, म्हणून तो तिथूनच मागे फिरला, असं त्यांनी सांगितलं. तो चिडलेला वगैरे मुळीच नव्हता, उलट स्वतःच्याच बुटांना हसत होता. मेजर कुठे होते? लोर्नाबाईंनी जरा विचार केला. त्या पुढच्या घोळक्यात होत्या, मेजर बहुधा मागे असतील, पाद्रीसाहेबांबरोबर.

मागचे म्हणत होते पुढे, आणि पुढचे म्हणत होते मागे. हिल्डाला हे लक्षात आलं, पण एवढ्यावर हवेलीच्या मालकाला कोणी हात लावू शकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं मेजरनाच विचारलं. ते थंडपणे म्हणाले, की ओढा, लो फार्म, वरची टेकडी, सगळी शीव आपण फिरलो. लो फार्मच्या खिडकीतून तर उडी मारताना गुडघा खरचटला.

मग पाद्र्यांच्या घरातला टेलिफोन वाजला. पलीकडे जिल्ह्याचे मोठे साहेब होते, आणि त्यांना मेजरचा फोन आधीच येऊन गेला होता.

"गार्बट, घोळ घालू नकोस," साहेब म्हणाले. "चहा संपायच्या आत त्या काळ्यावर आरोप ठेव आणि मोकळी हो."

३

एग्बर्ट थॉर्कबी पिकर्सगिलच्या घरच्या पुढच्या खोलीत बसला होता. गावची पोलिसचौकी म्हणजे हीच खोली. कोणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. हिल्डानं स्वतः आत जाऊन चहा केला आणि कप त्याच्यापुढे आपटलाच जवळजवळ. राग त्याच्यावर नव्हता, पण निघाला तिथे.

"सप्टेंबरपासून लीड्सच्या एका शाळेत भूगोल शिकवायचाय मला," तो म्हणाला. "जमैकात मी शिक्षकच होतो. इथे आल्यापासून गोदामात खोकी उचलली, तेव्हा कुठे ही नोकरी मिळाली. पोलिसांनी पकडलं होतं एवढं जरी शाळेच्या कानावर गेलं, तरी ती गेली. मग मी निर्दोष सुटतो की नाही, कोण विचारतंय?"

"तुम्ही फोडला का दगड?"

"नाही. फोडावासा वाटला होता. पण त्या खोलीत मी गेलोच नाही. बसथांब्यापाशी बाकावर बसून बूट साफ करत होतो."

"मग आलात कशाला इथे? या लोकांत?"

तो जरा हसला, पण ते हसू कडवट होतं. "नाव माझंही आहे. म्हटलं, ते जिथून निघालं ती जागा तरी बघू."

हिल्डानं विचारलं, की त्याच्या घराण्यात नाव कसं आलं. विचारताना तिला वाटलं होतं की मालकानं दिलं, झालं, एवढंच उत्तर येईल. पण एग्बर्ट खुर्चीत पुढे सरकून बसला. वर्गात बसतो तसा.

"मळ्याच्या मालकाचं नाव थॉर्कबी, म्हणून मळ्याचंही तेच. आमच्या लोकांनाही कागदावर तेच चिकटवलं. पण मळ्यावर ते नाव कोणी घ्यायचंच नाही. घेऊन करणार काय? जो तो थॉर्कबी. माझ्या पणजोबांना मळ्यावर विहिरीवाला क्वाको म्हणायचे. पुढे गुलामी सुटली आणि ते किंग्स्टनला गेले. तिथे लोक विचारायचे, कुठला रे तू? ते सांगायचे, थॉर्कबीचा. तिथे ते थॉर्कबी झाले, मळा सोडल्यावर."

हिल्डाचा कप ओठांपाशीच थांबला.

"म्हणजे जागा सोडल्याशिवाय जागेचं नाव लागत नाही."

"कसं लागेल?" एग्बर्ट म्हणाला. "घरात बसलेल्या माणसाला कोण विचारतं, कुठला तू म्हणून?"

हिल्डानं कप खाली ठेवला आणि बाहेर पडली. ती तडक स्मशानात शिरली.

४

चर्चभोवतीचं स्मशान जुनं होतं. हिल्डा दगडांच्या रांगांमधून वाकून वाकून चालू लागली. मेगसन, मेगसन, डनिल, पिकर्सगिल, पुन्हा मेगसन. शेवाळ खरवडून पाहिलं तर खाली ऑल्डरसन. कुंभार, लोहार, मेंढपाळ, सगळ्यांच्या पिढ्या तिथे होत्या. थॉर्कबी कोणीच नव्हता. फक्त दाराजवळ, चकचकीत ग्रॅनाइटचे दोन दगड होते, अजून कडासुद्धा झिजल्या नव्हत्या. मेजरचे वडील आणि मेजरचे आजोबा.

पाद्री तिच्यामागे धापा टाकत आले. हिल्डानं वळून विचारलं, "जुन्या काळी या गावचा धनी कोण होता?"

"धनी नव्हताच कोणी. सगळी जमीन मठाची. आठव्या हेन्रीनं मठ मोडले तोवर इथे साधूंचंच राज्य होतं. ते मोठं कोठार अजून साधूंचं कोठारच म्हणतात ना."

"मग 'थॉर्कबीचा धनी' म्हणून सरदार कुठून आला? तलवार घेतलेला?"

 हे पाद्र्यांना गेली कित्येक वर्षं माहीत होतं. प्रवचनातसुद्धा त्यांनी ते सांगितलं होतं. पण मेजरनी शिळा दाखवली तेव्हा विचार करणं त्यांना अभद्रपणाचं वाटलं असावं.

हिल्डाचा आवाज चढला. "इथून उठून यॉर्कला गेलेल्या माणसाला यॉर्कचे लोक म्हणणार थॉर्कबीचा. हल बंदरात गेला, तिथेही तेच. म्हणून हे आडनाव जगभर आहे आणि तुमच्या या स्मशानात नाही. इथे राहणाऱ्याला गिरणीवाला म्हणतील, लंगडा म्हणतील, अमक्याचा पोर म्हणतील. जो म्हणतो आम्ही इथून कधी हललोच नाही, त्याला हे आडनाव लागेलच कसं? ही शिळा ज्यानं घडवून घेतली त्याला एवढंही कळलं नाही. त्याला आपलं नाव गावावर मारायचं होतं, बस."

"घडवून घेतली? म्हणजे खोटी?"

"आणि सोमवारी संग्रहालयाचा माणूस येतोय, हे तुम्ही काल सगळ्यांदेखत सांगितलंत. सरदार जुना असला तरी अक्षरं ताजी कोरलेली आहेत हे त्यानं एका नजरेत ओळखलं असतं. म्हणून अक्षरं गेली. आणि दोष घालायला माणूस आयताच मिळाला, त्याच संध्याकाळी उठून बोललेला."

पाद्री एका थडग्याच्या कडेवर बसले. मग अगदी हळू म्हणाले, "पण मेजर तर आमच्याबरोबर शीव फिरत होते. लो फार्मच्या खिडकीतून गेल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. त्यांच्या कपाळावर काजळी मी स्वतः पाहिली, सार्जंट."

पाहिली तर हिल्डानंही होती. सगळं जुळत होतं, आणि सगळं त्या एका काळ्या ठिपक्यापाशी येऊन अडत होतं.

५

लो फार्मच्या मेगसनबाईंनी हिल्डाला ओळखलं. लहानपणी ती याच खिडकीतून उडी मारताना चिखलात पडली होती, हे त्यांनी आधी ऐकवलं, मग बसायला सांगितलं. बाईंचा पारा तसाही चढलेलाच होता. घोळक्यानं फरशीवर चिखल केला होता, गाजराचा केक संपवला होता, आणि जाताना कोणी धड आभारही मानले नव्हते.

"आणि वर नाकं मुरडली," बाई म्हणाल्या. "काजळी का नाही म्हणे. अगं, काजळी आणू कुठून? नाताळच्या सुमारास लेकानं माझी चूल विटांनी बुजवून टाकली आणि ही विजेची शेगडी आणून बसवली. पांढरीशुभ्र, दवाखान्यासारखी. हिच्यावर साधं टोस्ट भाजत नाही आणि म्हणे काजळी."

हिल्डानं भिंतीकडे पाहिलं. चूल होती तिथे नवा गिलावा होता.

"मग लावलंत काय लोकांच्या कपाळाला?"

"पीठ. दुसरं काय? डब्यात बोट बुडवलं आणि लावलं."

"सगळ्यांना?"

"या खिडकीतून गेला त्या प्रत्येकाला. पाद्रीबाबांनासुद्धा. घामानं पुसून गेलं असेल, पण लावलं मात्र सगळ्यांना. प्रथा म्हणजे प्रथा, पोरी."

 पिकर्सगिलची पांढरी भुवई हिल्डाला आठवली, लोर्नाबाईंच्या कपाळावरचा डाग आठवला. आणि मेजरचा काळा ठिपका. तो पाहूनही आपल्याला काही वाटलं नाही, कारण आपणही इथल्याच, लहानपणापासून काजळीच बघत आलो, या विचारानं तिला स्वतःचाही राग आला. बाहेरच्या माणसाच्या डोक्यात कपाळाला काही फासायचं आलंच नसतं. ही चूक इथलाच माणूस करू जाणे.

"चूल बुजवली हे गावात कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"आत येईल त्याला. मी काय दवंडी पिटणार होते, माझी चूल मेली म्हणून?" मेगसनबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "का गं? कोणाच्या कपाळाला दुसरं काही होतं का?"

६

हिल्डानं मेजरना चर्चमागच्या खोलीतच बोलावलं. एग्बर्ट, पाद्री आणि पिकर्सगिल आधीच तिथे होते. मेजर आत येताच तिनं कोपऱ्यातल्या कोळशाच्या शेगडीचं दार उघडलं, आत बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट त्यांच्यापुढे धरलं.

"ओढ्यापाशी तुम्ही मागे राहिलात. पुढच्यांना वाटलं मागे आहात, मागच्यांना वाटलं पुढे. तुम्ही आडवाटेनं इथे आलात, घण घातलात, अक्षरं उचललीत. मग या शेगडीची काजळी कपाळाला लावून टेकडीवर लोकांत जाऊन मिसळलात, डोक्यावर हॅट ठेवून. लो फार्ममध्ये यंदा काजळी नव्हती, मेजर. यंदा पीठ होतं."

 हिल्डानं हात पुढे केला आणि चर्चबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या मोटारीची किल्ली मागितली. त्यांनी दिली नाही. पण त्यांचा हात ज्या झटक्यानं खिशाकडे गेला, त्यावरून पाद्र्यांनासुद्धा कळलं. मग पिकर्सगिलनंच ती घेतली आणि डिकी उघडली. आत गोणपाटाखाली अक्षरांचे तुकडे होते, कोरलेल्या अक्षरांच्या कडा पांढऱ्या आणि ताज्या.

त्यानंतर मेजर खुर्चीत बसले आणि बोलू लागले. बोलण्यात पश्चात्ताप नव्हता, चीड होती. त्यांचे आजोबा हल शहरात साबण बनवत, नाव ग्रब. हवेली विकत घेतली तेव्हा त्यांनी गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. शाळेत मुलं मेजरना साबणवाला ग्रब म्हणून चिडवत. ते नाव पुसायला आपण आयुष्य घातलं, आणि हे पाद्री उठून एका जाणकाराला बोलावतात.

"नाव तुमचंच आहे," एग्बर्ट म्हणाला. तो इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता. "तीन पिढ्या वापरलंत, मुरलं ते. तुमच्या आजोबांनी हौसेनं घेतलं. माझ्या लोकांना न मागता मिळालं, फटक्यांसकट. तरी मी दगड कोरून आणला नाही. तुम्हाला तो कशाला हवा होता?"

मेजरनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेजारी पाद्र्यांच्या घरात टेलिफोन पुन्हा वाजला. पाद्री धावले, घडलेलं साहेबांना सांगून परत आले आणि हात चोळू लागले. मोठ्या साहेबांचं म्हणणं असं होतं की आता कोणावरच आरोप नको. शिळा पडून फुटली असं म्हणावं. मेजरचा मान राहील, आणि या गृहस्थांनाही लगेच घरी जाता येईल. सगळ्यांचंच भलं.

"सगळ्यांचं?" हिल्डानं विचारलं.  "दुपारी या माणसाला बेड्या घालून अख्ख्या गावापुढून नेलं, तेव्हा सगळ्यांचं भलं कुठे गेलं होतं?" मग ती एग्बर्टकडे वळली. नोकरी त्याची होती, नाव त्याचं होतं. "तुम्ही सांगा. काय करू?"

एग्बर्टनं विचार करायला वेळ घेतला नाही.

"मला सोडून दिलं, असं नकोय," तो म्हणाला. "मी केलं नाही, असं हवंय. आणि ते ज्यांनी मला नेताना पाहिलं, त्यांच्यापुढे हवंय."

हिल्डानं मेजरना उठवलं. आरोप तर लागणारच होता: चर्चची वस्तू फोडल्याचा आणि निरपराध माणसाला अडकवल्याचा. साहेबांना काय हवं ते त्यांनी सोमवारी करावं. पण त्याआधी तिनं मेजरना दारापर्यंत नेलं आणि तिथे उभं केलं. पायऱ्यांखाली हिरवळीवर गाव चहा पीत होतं. एकेक करत सगळे गप्प झाले.

"सकाळी जे झालं," मेजर म्हणाले, "ते त्यानं केलेलं नाही."

"कोणी?" हिल्डानं विचारलं.

"या माणसानं."

"या माणसाला नाव आहे. दिवसभर कोणी ते तोंडातून काढलं नाही. काळा म्हणालात, लीड्सचा म्हणालात. आता नाव घ्या."

 हिरवळीवर कोणाच्या हातातली बशी वाजली. मेजरनी एकदा हवेलीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे, आणि मग ते घशातून ओढून काढावं तसं बाहेर आलं.

"मिस्टर थॉर्कबींनी दगड फोडला नाही. मी फोडला."

 माफी मागायला कोणी पुढे आलं नाही. पिकर्सगिल आपल्या बुटांकडे बघत होता. पाद्री काहीतरी पुटपुटले, ते कोणाला ऐकू गेलं नाही.

बस हिरवळीच्या पार पलीकडून सुटायची. हिल्डा म्हणाली, गाडीनं सोडते. एग्बर्टनं हॅट डोक्यावर ठेवली आणि मान हलवली.

"नको. चालत जातो. सगळ्यांना नीट दिसू दे."

तो पायऱ्या उतरला आणि टेबलांच्या मधून, दुपारी नेला होता त्याच वाटेनं निघाला. लोक वाटेतून बाजूला होत गेले, आणि हिल्डा पायऱ्यांवर उभी राहून त्यांच्या एकेका तोंडाकडे बघत राहिली. तिचा राग त्या दिवशी उतरला नाही, आणि तो उतरावा असं तिला वाटलंही नाही.